आंबवलेला पाला आणि व्हिएतनामी डुक्कर

उत्तर व्हिएतनाममध्ये तांबड्या नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या तुकड्यांचीच राहिली. भात पिकायचा तो माणसांना पुरता पुरत नसे, मग जनावराला धान्य घालण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही घरामागच्या खोपटात दोन-तीन डुकरे असत. कोंडा, रताळ्याचे वेल, केळीचे चिरलेले खुंट, कालव्यातली शेवाळे, दारू गाळून उरलेला चोथा आणि खरकटे एवढ्यावर ती वाढत. त्यांच्या शेणावर पुढचे भाताचे पीक उभे राही. मांस आणि खत असे दुहेरी उत्पन्न देणारे हे जनावर चाऱ्यासाठी स्वतंत्र जमीन मागत नसे. हिरवा पाला हा त्याच्या आहारातला मोठा भाग होता, आणि तो आंबवून साठवण्याची पद्धत या गरजेतूनच रुजली. तिला शास्त्रीय रूप मिळाले ते मात्र फार उशिरा, 1990 च्या दशकात.

डुकराला पाला घालण्याची परंपरा शेजारच्या चीनमध्ये लिखित स्वरूपात सापडते. इसवी सनाच्या सहाव्या शतकात, साधारण 540 च्या सुमारास, जिआ सस्ये या अधिकाऱ्याने ‘चीमिन याओशू’ हा शेतीवरचा ग्रंथ लिहिला. त्यात डुक्करपालनावर वेगळे प्रकरण आहे. डुकराला पाणवनस्पती मानवतात, त्या ओढून काठाशी आणाव्यात. गवत मुबलक असेल तेव्हा चरायला सोडावे आणि कोंडा हिवाळ्यासाठी राखून ठेवावा, असा त्यातला सल्ला आहे. त्याच ग्रंथात पुढे भाज्या मिठात घालून आंबट करण्याच्या कृती दिल्या आहेत. दोन्ही विषय एकाच पुस्तकात असले तरी वेगवेगळ्या प्रकरणांत आहेत: आंबवणे माणसासाठी, हिरवा चारा डुकरासाठी. ही दोन प्रकरणे पुढे गावगाड्यातच एकमेकांना भेटली.

त्यांना जवळ आणण्यात अमेरिका खंडातून आलेल्या दोन पिकांचा वाटा मोठा आहे. पहिले रताळे. लुझोन बेटावरून एका व्यापाऱ्याने 1593 मध्ये ते फूज्येन प्रांतात आणले, अशी चीनमधली प्रचलित हकीकत आहे. तिथून दक्षिणेकडच्या डोंगराळ भागांत ते झपाट्याने पसरले आणि व्हिएतनाममध्येही रुळले. रताळ्याच्या पिकात जमिनीखाली कंद आणि जमिनीवर वेल असे दोन भाग मिळतात. कंद माणसाने खावा, वेल डुकराने, अशी वाटणी आपोआप झाली. सिच्वान प्रांतात तर रताळ्याचे आणि डुकरांचे प्रमाण हातात हात घालून वाढत गेले. अडचण काळाची होती. वेल एकाच वेळी, काढणीच्या दिवसांत, ढिगांनी निघतात. डुक्कर मात्र वर्षभर रोज खाते. हिम पडण्याआधी वेल कापून, चिरून, खड्ड्यात दाबून ठेवण्याची चिनी रीत या विसंगतीवरचा उपाय होती.

दुसरे पीक कसावा. मराठी घरांत हा कंद ओळखीचा नसला तरी त्याचे पीठ उपासाला हमखास पोटात जाते, कारण साबुदाणा कसाव्याच्याच स्टार्चचा बनतो. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून तो सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेला आणि पुढे तो आशियात आला. केरळात तो सतराव्या शतकात पोहोचला असे मानले जाते. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी 1880 च्या दशकात त्याच्या लागवडीला जोर दिला. व्हिएतनाममध्ये तो फ्रेंच अमलाच्या काळात डोंगरउतारांवर स्थिरावला. उत्तरेत त्याला ‘सान’ म्हणतात, दक्षिणेत ‘ख्वाय मी’. हलक्या, धुपलेल्या जमिनीतही तो तग धरतो आणि मातीतच राहू दिला तर महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून दुष्काळाचे आणि युद्धाचे दिवस ज्यांनी काढले त्यांच्या आठवणीत भाताच्या जागी कसावाच आहे. 1944-45 च्या भीषण दुष्काळात आणि नंतर अमेरिकेबरोबरच्या युद्धात चुओंग सोन पर्वतरांगेच्या जंगलात सैनिकांनी कसाव्यावर दिवस काढले.

या पिकाच्या पाल्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. कसाव्याचा कंद जवळपास निव्वळ पिष्टमय असतो. वाळलेल्या कंदात प्रथिने दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच भरतात. वाळलेल्या पानांत ती वीस ते पंचवीस टक्के, कधी त्याहूनही जास्त असतात. म्हणजे शेतकरी कंद घरी नेत असे आणि पोषणाचा चांगला भाग शेतात टाकून येत असे. त्याला कारणही तितकेच सबळ होते. कसाव्याच्या पेशींमध्ये लिनामरिन नावाचे संयुग असते आणि ते फोडणारे विकर पेशीभित्तिकेत वेगळे असते. पान चिरले, कुटले किंवा चावले की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. कच्चा पाला भरपूर खाल्लेले डुक्कर मरू शकते. थोडा थोडा खाल्ला तरी शरीरातले यकृत सायनाइडचे रूपांतर कमी विषारी थायोसायनेटमध्ये करते. त्यासाठी गंधक लागते, आणि ते मिथिओनिनसारख्या अमिनो आम्लांतून घ्यावे लागते. कसाव्याच्या पानात मिथिओनिन मुळातच कमी, त्यात विषबाधा टाळण्यासाठी तेही खर्ची पडते. वाढीच्या डुकराला हा व्यवहार परवडत नाही.

या विषावरचा उपाय व्हिएतनामी माणसाने स्वतःसाठी आधीच शोधून ठेवला होता. फू थो हा उत्तरेकडच्या चहाच्या आणि ताडाच्या टेकड्यांचा प्रांत. तिथे कसाव्याची कोवळी पाने खुडून, हातांनी चुरगाळून, धुऊन मिठाबरोबर मडक्यात दाबतात. काही दिवसांत ती आंबट होतात आणि मग मासे किंवा डुकराच्या चरबीबरोबर शिजवून त्यांचे कालवण करतात. एकेकाळचे गरिबीचे हे जेवण आता फू थोची खासियत म्हणून हॉटेलांत मिळते. मोहरीवर्गातल्या पालेभाज्यांचे, कांद्याच्या पातीचे असे आंबट प्रकार तर व्हिएतनाममध्ये रोजच्या जेवणात असतात. त्या सगळ्यांना मिळून ‘जुआ’ म्हणतात. चुरगाळणे, मीठ, दाब आणि झाकण एवढीच सामग्री. डुकरासाठी पाला आंबवताना पुढे जे काही केले गेले त्यात या चारांपलीकडचे फारसे काही नाही, फक्त मडक्याच्या जागी पोते किंवा हौद आला.

आंबवण्याची प्रक्रिया हवाबंद जागेत चालते. पानांवर नैसर्गिकरीत्या असणारे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू साखरेवर जगतात. हवा नसेल तर कुजवणारे जिवाणू आणि बुरशी मागे पडतात, लॅक्टिक जिवाणू पुढे जातात आणि काही दिवसांतच पाल्याचा सामू चारच्या जवळ किंवा त्याखाली येतो. त्या आंबटपणात पाला महिनोन्‌महिने टिकतो. अडचण अशी की पानात प्रथिने जास्त आणि साखर कमी. प्रथिने आम्लाला दाबून धरतात, त्यामुळे नुसता पाला दाबला तर आंबण्याऐवजी सडण्याचा धोका असतो. म्हणून भाताचा कोंडा, कसाव्याच्या कंदाचे पीठ किंवा उसाची मळी यांपैकी जे स्वस्त मिळेल ते पाच-दहा टक्के मिसळतात आणि अर्धा टक्का मीठ घालतात. सायनाइडच्या बाबतीत मात्र खरे काम आंबण्याच्या आधीच होते. पाने चिरून काही तास सावलीत सुकू दिली की लिनामरिन फुटते आणि हायड्रोजन सायनाइड उडून जाते. त्याचा उत्कलनबिंदूच सुमारे 26 अंश सेल्सिअस आहे. पुढच्या आंबटपणात ही फोड मंदावते, पण साठवण लांबेल तसे उरलेले विषही घटत जाते. चिरण्याचा कंटाळा करून अख्खी पाने दाबली तर पाला टिकतो, पण विषही बरेच टिकते.

युरोपात हिरवा चारा हवाबंद साठवण्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात आकाराला आले, पण ते प्रामुख्याने गाईगुरांसाठी. फ्रान्समधील ओग्युस्त गोफार यांनी मक्याच्या साठवणीचे प्रयोग करून 1877 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते युरोप-अमेरिकेत वाचले गेले. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांनी चाऱ्यात विरल आम्ल मिसळून तो टिकवण्याची रीत काढली. चारा टिकवण्याच्या याच कामासह त्यांच्या कृषी-रसायनशास्त्रातील संशोधनाला 1945 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीत शिजवलेले बटाटे हौदांत दाबून डुकरांना घालण्याची पद्धत होती. डुकरासाठीचा मुरघास म्हणजे युरोपात मुख्यतः बटाटा. महाराष्ट्रात मुरघास म्हटले की मक्याच्या पिशव्या आणि गाईचा गोठा डोळ्यांसमोर येतो तो याच युरोपीय वाटेने आलेल्या तंत्रामुळे. रवंथ करणाऱ्या जनावराला चार पोटकप्पे आणि त्यांतले सूक्ष्मजीव असतात, त्यामुळे धागेदार चारा त्याला चालतो. डुकराचे पोट एकच. त्याला पाला द्यायचा तर तो कोवळा, बारीक चिरलेला आणि मर्यादित असावा लागतो. युरोपातल्या पुस्तकांत याची उत्तरे नव्हती, कारण तिथे डुकराला धान्य मिळत होते.

व्हिएतनामी खेड्यात विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात डुकराचा चारा आंबवण्यापेक्षा शिजवला जाई. रताळ्याचे वेल, अळूचे देठ किंवा पाणकंदाची पाने बारीक चिरून, कोंडा घालून मोठ्या कढईत तासन्‌तास रटरटत ठेवत. शिजवल्याने पाला मऊ होतो, कंदातील पचनाला अडथळा करणारे घटक नष्ट होतात आणि जंतांची अंडी मरतात, हे खरे. पण त्यासाठी रोज जळण लागे, आणि चिरण्या-शिजवण्याचे काम बायकांच्या व मुलींच्या वाट्याला येई. टेकड्या उघड्या पडत गेल्या तसे जळण आणायला लांब जावे लागू लागले. डुक्करपालनाच्या हिशेबात ही मजुरी कधीच धरली जात नसे, म्हणूनच तो धंदा कागदावर फायद्याचा दिसे.

उत्तर व्हिएतनाममध्ये 1950 च्या दशकाच्या अखेरीस शेती सहकारी संस्थांकडे गेली. कुटुंबाला स्वतःपुरती जमीन उरली ती साधारण पाच टक्के, आणि तिच्यावर भाजी व डुकरे यांचाच भर राहिला. त्यातूनही ठरावीक वजनाचे डुक्कर सरकारला ठरलेल्या भावाने द्यावे लागे. युद्ध संपल्यावरच्या रेशनच्या काळात, 1980 च्या सुमारास, हनोईतल्या सरकारी इमारतींमध्ये नोकरदार मंडळी आपल्या फ्लॅटच्या न्हाणीघरात डुक्कर पाळत. या गोष्टी आजही तिथल्या वयस्कर पिढीच्या गप्पांत निघतात. उत्तर व्हिएतनाममध्ये सहकारी शेती सुरू झाली त्याच सुमारास चीनमध्ये डुक्कर म्हणजे खताचा चालता-बोलता कारखाना ठरला होता. माओ त्से-तुंग यांनी 1959 मध्ये डुक्करपालन वाढवण्याविषयी लिहिलेल्या पत्रानंतर जलपर्णीसारख्या पाणवनस्पती मुद्दाम वाढवून, चिरून, आंबवून डुकरांना घालण्याच्या मोहिमा निघाल्या. त्यांतून आंबवलेला पाला सरकारी छत्राखाली आला खरा, पण कोंडाही न मिसळता नुसत्या पाणचट पाल्यावर ठेवलेली डुकरे वाढत नसत. पोट भरते आणि वजन वाढत नाही, हा पाल्याच्या आहाराचा जुना दोष मोहिमेच्या उत्साहात झाकला गेला.

व्हिएतनाममध्ये 1981 चा करार पद्धतीचा आदेश आणि 1988 चा ‘ठराव 10’ यांमुळे शेती पुन्हा कुटुंबाकडे आली. डुक्कर पाळायचे, विकायचे आणि त्यासाठी काय खाऊ घालायचे हा निर्णय घरातच होऊ लागला. नेमक्या याच वेळी परदेशी संशोधनाची एक वेगळी धारा तिथे पोहोचली. टी. आर. प्रेस्टन हे ब्रिटिश पशुआहारतज्ज्ञ 1960 च्या दशकात क्यूबात उसाच्या मळीवर जनावरे पोसण्याचे काम करत होते. उष्ण प्रदेशातील शेतकऱ्याने समशीतोष्ण देशांतील मका-सोयाबीनची नक्कल करू नये, आपल्याकडे जे पिकते त्याच्याभोवती आहार बेतावा, हे त्यांचे मत. 1989 मध्ये कोलंबियातून सुरू झालेले ‘लाइव्हस्टॉक रिसर्च फॉर रूरल डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक या विचाराचे मुखपत्र बनले. प्रेस्टन पुढे व्हिएतनाम आणि कंबोडियात काम करू लागले. स्वीडनच्या मदतीने मेकाँग खोऱ्यातील विद्यापीठांचे एक जाळे उभे राहिले आणि त्यात मध्य व्हिएतनाममधील ह्वे येथील कृषी व वनविद्या विद्यापीठ आणि दक्षिणेतील कान थो विद्यापीठ यांनी आंबवलेल्या पाल्यावर सातत्याने काम केले. त्या नियतकालिकाचे अंक चाळले तर कसाव्याचा पाला, रताळ्याचे वेल, अळू, पाणपालक, केळीचा खुंट असा उष्ण कटिबंधातला सगळा परसबागेचा माल डुकराच्या गव्हाणीत तपासून पाहिलेला दिसतो.

कसाव्याच्या पाल्याला महत्त्व येण्यामागे बाजारही होता. 1990 च्या दशकात दक्षिणेत स्टार्चचे मोठे कारखाने निघाले. 1995 मध्ये प्रसारित झालेला ‘केएम 94’ हा वाण, जो थायलंडचा ‘कासेत्सार्त 50’ आहे, देशभर पसरला. तो जास्त स्टार्च देणारा पण कडू वाण. त्याच्या पानांत सायनाइडही जास्त. कसाव्याखालचे क्षेत्र 2000 नंतरच्या दहा वर्षांत दुपटीहून अधिक वाढले. कंद कारखान्याकडे जाऊ लागला तसे डुकराच्या वाट्याचे पिष्ट कमी झाले आणि शेतात पाल्याचे ढीग वाढले. उन्हात वाळवणे हा पाला निर्विष करण्याचा सर्वांत सोपा मार्ग, पण मध्य व्हिएतनाममध्ये काढणी पुराच्या पावसाला लागून असते आणि उत्तरेत हिवाळ्याच्या अखेरीस आठवडेच्या आठवडे झिमझिम चालते. वाळवण बुरसटते. अशा हवेत पोत्यात दाबून आंबवणे हाच पर्याय उरतो, आणि ह्वे परिसरात ही पद्धत धरली ती मुख्यतः याच कारणाने.

रताळ्याच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने व्हिएतनाममध्ये 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून गावागावांत प्रात्यक्षिके केली. केंद्राचे नाव बटाट्याचे असले तरी रताळेही त्याच्याच कक्षेत येते. चिरलेला कंद आणि वेल कोंड्याबरोबर, काही ठिकाणी वाळलेल्या कोंबडीच्या खताबरोबरही, आंबवून पाहिले गेले. डुकरांच्या वाढीपेक्षा शेतकऱ्यांना पटली ती दुसरी गोष्ट: शिजवणे बंद झाले. एका दिवसात चिरून दाबलेला माल आठवडे पुरतो, रोजची चूल वाचते, जळण वाचते. ज्या घरात बायकांनी हिशेब केला तिथे पद्धत टिकली. जिथे पुरुषांना फक्त वजनवाढीचे आकडे दाखवले गेले तिथे ती मागे पडण्याची शक्यता जास्त होती. प्रसाराच्या कामात हा फरक नेहमी दुर्लक्षिला जातो.

अळूचे उदाहरणही लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या देठा-पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि कच्चे खाल्ले तर डुकराचीही जीभ व घसा खाजतो. मराठी स्वयंपाकात अळूच्या फतफत्याला चिंच लागते ती ज्या कारणाने, त्याच्याशी नाते सांगणारा हा आंबटपणा आहे. कान थो आणि ह्वे येथील प्रयोगांत आंबवलेला अळू डुकरे निवांत खात असल्याचे दिसले, आणि पूर्वी कढईत शिजल्याशिवाय न चालणारे हे पीक थेट गव्हाणीत जाऊ लागले.

आंबवलेल्या कसाव्याच्या पाल्याच्या मर्यादाही या प्रयोगांतूनच ठरल्या. वीस किलोच्या आसपास वजनाच्या पिलांना तो थोडाच द्यावा, वजन वाढेल तसे प्रमाण वाढवावे. एकूण आहाराच्या शुष्क भागात तो साधारण पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत ठेवला तर मासळीच्या कुटीचा किंवा सोयाबीनच्या पेंडीचा काही भाग वाचतो. त्यापुढे धाग्याचे प्रमाण वाढते, पचन घटते आणि वाढ मंदावते. बाहेरून मिथिओनिन घातले तर निकाल सुधारतो, कारण सायनाइडवर खर्च होणारे गंधक भरून निघते. स्थानिक मोंग काय जातीची डुकरीण आणि तिच्या संकरातून झालेली पिले हा चारा युरोपीय यॉर्कशायरपेक्षा बऱ्याच सहजतेने पचवतात. चरबीची, लटकत्या पोटाची ‘ई’ जात तर पाल्यावरच पोसलेली होती, पण कमी चरबीचे मांस मागणाऱ्या बाजाराने ती जवळपास संपवली. म्हणजे ज्या जनावराला पाला सर्वांत मानवे, तेच शेतातून गेले.

ही पद्धत व्हिएतनामच्या बाहेरही पसरली. कंबोडियात ती कसाव्याबरोबर गेली. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशात डुक्कर हे संपत्तीचे आणि देवघेवीचे माप आहे आणि रताळे हेच मुख्य अन्न. तिथे ऑस्ट्रेलियाच्या मदतीने झालेल्या प्रयोगांत रताळ्याचे कंद व वेल आंबवून त्याला प्रथिनांची जोड देण्यात आली. ईशान्य भारतात उकडलेला अळू व जंगली पाला डुकरांना घालण्याची रीत घरोघरी आहे. तिथेही कढई आणि जळण यांचे ओझे तेच आहे.

व्हिएतनाममध्ये मात्र या चाऱ्याचा पाया गेल्या दोन दशकांत हलला. तयार खाद्याच्या पिशव्या गावच्या दुकानात उधारीवर मिळू लागल्या, तरुण मुले-मुली शहरांतल्या कारखान्यांत गेली आणि पाला खुडायला, चिरायला हात उरले नाहीत. 2017 मध्ये तै निन्ह प्रांतात कसाव्यावर मोझॅक विषाणू आला आणि त्याने पानांचेच नुकसान केले. फेब्रुवारी 2019 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात शिरला. त्या एका वर्षात सुमारे साठ लाख डुकरे मारून पुरावी लागली. फटका सर्वांत जास्त बसला तो खरकट्यावर आणि पाल्यावर दोन-चार डुकरे पाळणाऱ्या घरांना. त्यांतल्या अनेकांनी खोपटे पुन्हा भरलीच नाहीत. 2020 च्या आरंभापासून लागू झालेल्या पशुपालन कायद्याने शहरांच्या अंतर्भागात जनावरे पाळण्यास बंदी घातली. आज आंबवलेला पाला उरला आहे तो डोंगराळ प्रांतांतील, बाजारापासून लांब असलेल्या घरांत, स्थानिक काळ्या डुकरांच्या गव्हाणीत. आणि दुसऱ्या टोकाला, ‘पाल्यावर वाढलेले’ म्हणून शहरात चढ्या भावाने मांस विकणाऱ्या लहान फार्मवर. तिथे मडक्याऐवजी निळे प्लास्टिकचे पिंप असते, जिवाणूंची पुडी दुकानातून आणतात आणि पाला चिरायला विजेवर चालणारे यंत्र असते.